सात मिनिटांपासून सहा महिन्यांपर्यंत

गडचिरोली जिल्हा नकाशात उभा पसरलेला आहे. वरच्या टोकाला वडसा, कुरखेडा, कोरची. खालच्या टोकाला प्राणहितेच्या काठावरचे सिरोंचा. वडसा आणि सिरोंचा ही दोन गावे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, म्हणजे एक दुसऱ्याच्या थेट उत्तरेला. सरळ रेषेत मधले अंतर सुमारे २०० किलोमीटर. २१ जूनला वडशाचा दिवस सिरोंच्याच्या दिवसापेक्षा साधारण सात मिनिटांनी मोठा असतो. तिथे सूर्य तीन-साडेतीन मिनिटे आधी उगवतो आणि तेवढाच उशिरा मावळतो. २२ डिसेंबरला हिशेब उलटतो आणि सिरोंच्याचा दिवस सात मिनिटांनी मोठा ठरतो. मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्हीकडे दिवस सारखाच.

सात मिनिटे कोण मोजतो? मोहफुले वेचायला पहाटे निघणारी बाई उजाडलेले पाहते, घड्याळ पाहत नाही. पण ध्रुवावर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते असे आपण शाळेत घोकलेले असते, त्या चमत्काराची सुरुवात याच सात मिनिटांत आहे. ध्रुवाकडे निसर्गाने वेगळा नियम लावलेला नाही. वडसा आणि सिरोंचा यांच्यात जे घडते तेच तिथे घडते, फक्त फार मोठ्या मापाने.

आधी आपल्याकडचे माप पाहू. चंद्रपूर शहर १९ अंश ५७ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे जवळजवळ २० अंशांवर. इथला सर्वांत मोठा दिवस साधारण १३ तास २० मिनिटांचा आणि सर्वांत लहान १० तास ५५ मिनिटांचा. जूनच्या शेवटी साडेपाचला सूर्य उगवतो, संध्याकाळी सातला पाच कमी असताना मावळतो. डिसेंबरात पावणेसातला उगवतो आणि साडेपाच वाजून गेले की काही मिनिटांतच बुडतो. वर्षभरातला हा चढउतार अडीच तासांपेक्षाही कमी. माणसाला तो जाणवतो तो बहुधा थंडीत, दिवस आखडल्यामुळे. पण धानाला तो नीट कळतो. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीच्या पट्ट्यात शेतकरी हलके धान, मध्यम धान, भारी धान असे भेद करतात. भारी धानाच्या जुन्या वाणांची खोड अशी की रोवणी थोडी पुढेमागे झाली तरी ती लोंबीवर येतात ठरलेल्या सुमारासच. पावसाळा सरताना दिवस एका मर्यादेपेक्षा लहान झाला की रोपाला फुलोऱ्याची वेळ कळते. अडीच तासांच्या आतला हा फरक मोजून एक पीक वर्ष ओळखते. ध्रुवाजवळच्या जिवांपुढे हाच फरक चोवीस तासांचा असतो.

उत्तरेकडे सरकत जा, म्हणजे मिनिटांचे तास कसे होतात ते दिसेल. २१ जूनला लेहमध्ये दिवस जवळजवळ साडेचौदा तासांचा. ६० अंशांवर, म्हणजे नॉर्वेच्या ऑस्लो शहराच्या आसपास, तो १८ तास ५० मिनिटांवर जातो. ६५ अंशांवर तो २२ तासांचा होतो आणि पुढचा एक अंश पुरा होण्याआधीच २४ तासांचा. वाढीचा हा वेग बघण्यासारखा आहे. आपल्याकडे एक अंश उत्तरेला गेले की चार मिनिटे मिळतात. तिथे शेवटच्या एका अंशात दोन तास. त्या रेषेपलीकडे सूर्य मावळायचेच विसरतो, आणि थोडे आणखी वर गेले की डिसेंबरात उगवायचे.

कारण सगळ्यांना पाठ असते: पृथ्वीचा आस कललेला आहे. पाठ असते म्हणूनच मला त्याबद्दल शंका आहे. कलतो म्हणजे काय होते हे पुस्तकातल्या चित्रावरून बहुतेकांना उमगत नाही, कारण चित्रात पृथ्वी थांबलेली असते. त्यापेक्षा एक संत्रे घ्या. बांबूची बारीक काडी त्याच्या देठातून आरपार घाला; हा आस. अंधाऱ्या खोलीत टेबलावर टॉर्च पेटवून आडवी ठेवा. काडी उभी ठेवून संत्रे गरगर फिरवले तर सालीवरचा प्रत्येक ठिपका अर्धी फेरी उजेडात आणि अर्धी अंधारात काढेल. आता काडी टॉर्चकडे थोडी, म्हणजे २३ अंशांच्या वर झुकवा आणि पुन्हा फिरवा. उजेड-अंधाराची सीमा तिथेच राहते, पण सालीवरची वर्तुळे तिला तिरकी छेदू लागतात. मधल्या ठिपक्याचे वर्तुळ अजूनही निम्मे-निम्मे कापले जाते. थोड्या वरच्या ठिपक्याचे वर्तुळ उजेडात जास्त आणि अंधारात कमी. हे आपले चंद्रपूर. देठाजवळचे इवलेसे वर्तुळ मात्र अख्खे उजेडात पडते. तो ठिपका कितीही फिरला तरी अंधाराची सीमा त्याला भेटतच नाही. आणि खालच्या टोकाजवळचा ठिपका कितीही फिरला तरी उजेडात येत नाही.

दुसरी गोष्ट करायची ती म्हणजे काडीचे तोंड न बदलता संत्रे टॉर्चच्या पलीकडच्या बाजूला न्यायचे आणि टॉर्च वळवून त्याच्यावर धरायची. आता काडीचे वरचे टोक टॉर्चपासून दूर झुकलेले दिसेल. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या पलीकडे जाते, पण तिचा आस तसाच ध्रुवताऱ्याकडे रोखलेला राहतो. कलाचा कोन २३.४४ अंश. आस डुलत नाही, जून-डिसेंबरात इकडून तिकडे झुकत नाही. तो वर्षभर एकाच दिशेला बघतो. बदलते ती सूर्याची बाजू. इतकी साधी गोष्ट मुलांच्या डोक्यात उलटी बसते, कारण बहुतेक चित्रांत बाण आसावरच काढलेले असतात.

पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून उन्हाळा, दूर जाते म्हणून हिवाळा, हा समजही अजून जिवंत आहे. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण शेकोटी पेटवतो तेव्हा. आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला. अंतराचा परिणाम अगदीच नाही असे मात्र नव्हे. जुलैत पृथ्वी दूर असते तेव्हा तिची चाल मंदावते, त्यामुळे उत्तर ध्रुवाचा दिवस दक्षिण ध्रुवाच्या दिवसापेक्षा सुमारे आठवडाभर मोठा असतो.

चंद्रपूरची दुपार, मैत्रीची रात्र

आता या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगतो. ती समजून घ्यायला ध्रुवावर जावे लागत नाही. मे महिन्यात चंद्रपुरात अंगणात उभे राहण्याची तयारी लागते, आणि तीही काही कमी नाही.

दर वर्षी २० मेच्या आसपास दुपारी बारा वाजून नऊ-दहा मिनिटांनी चंद्रपुरात उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सूर्य थेट डोक्यावर येतो. हाच शून्य सावली दिवस. सिरोंच्यात तो १५ मेच्या सुमारास येतो, गडचिरोलीत २१ला, वडशात २३च्या आसपास. तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात असतो, फळीवर पुडे वाळत असतात, आणि सूर्य रोज थोडाथोडा उत्तरेला सरकत जिल्हा ओलांडत असतो. पुढे दोन महिने चंद्रपुरात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. मग २३ जुलैच्या सुमारास तो परतताना पुन्हा डोक्यावरून जातो. पण तेव्हा आभाळ भरलेले असते, चिखलात रोवणी चाललेली असते आणि तो दिवस कुणी पाहत नाही.

सूर्य चंद्रपूरच्या डोक्यावर असतो त्या वेळी जगात आणखी काय चाललेले असते? सूर्य ज्या अक्षांशावर डोक्यावर असतो, तिथून ९० अंश दूर तो क्षितिजावर टेकलेला असतो. २० अंश उत्तरेपासून दक्षिणेला ९० अंश मोजा: ७० अंश दक्षिण. तिथे अंटार्क्टिका आहे. आणि तिथेच, ७० अंश ४६ मिनिटे दक्षिणेला, शिरमाखर नावाच्या खडकाळ पट्ट्यात भारताचे 'मैत्री' हे संशोधन केंद्र १९८९ पासून उभे आहे.

हिशेब नीट जुळवून पाहा. मैत्री ७० अंशांच्या थोडे पलीकडे आहे, त्यामुळे नुसत्या भूमितीने तिथला सूर्य आणखी काही दिवस आधीच मावळायला हवा. पण हवा किरणांना वाकवते आणि क्षितिजाखाली गेलेला सूर्यही थोडा वर उचललेला दिसतो. शिवाय सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे. तिची वरची कड दिसत असेपर्यंत आपण सूर्य मावळला म्हणत नाही. या दोन्हींची बेरीज होते सुमारे ०.८३ अंश, आणि ती मैत्रीचा जादा पल्ला जवळजवळ पुरा भरून काढते. त्यामुळे मैत्रीवर सूर्य शेवटचा दिसतो तो २० मे-२१ मेच्या आसपास आणि परत उगवतो २३ जुलैच्या सुमारास. म्हणजे चंद्रपूरच्या दोन शून्य सावली दिवसांमधला जो काळ, तोच मैत्रीच्या दीर्घ रात्रीचा काळ. टेकड्या, ढग, हवेचे तापमान यांनी एखाद-दोन दिवस इकडे तिकडे होतात, पण जोडी सुटत नाही. चंद्रपूरचा माणूस ऊन डोक्यावर घेऊन सावली शोधतो त्याच दुपारी हिवाळी तुकडीतला माणूस मैत्रीच्या खिडकीतून सूर्याची शेवटची कड पाहत असतो. आणि उत्तरेला ७० अंशांच्या जवळ असलेल्या नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात याच सुमारास मध्यरात्रीचा सूर्य सुरू होतो. तिथे त्याचा हंगाम साधारणपणे २० मे ते २२ जुलै असा सांगतात. एकाच सूर्याने तीन गावांना दिलेल्या या तीन तारखा आहेत आणि त्या स्वतंत्रपणे पाठ करण्याची काहीच गरज नाही. एक मोजली की बाकीच्या दोन वजाबाकीने निघतात.

शून्य सावली दिवसाच्या बातम्या आता दर वर्षी छापून येतात, शाळांत बाटल्या आणि खांब उभे करून फोटो काढले जातात. चांगलेच आहे. पण सावली गेली, टाळ्या वाजल्या, कार्यक्रम संपला असे होते. त्याच फळ्यावर ७० अंश दक्षिण लिहायला दोन मिनिटे लागतील.

भारताच्या स्वतःच्या अंटार्क्टिका मोहिमा गोव्यातून सुरू झाल्या. पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिने तिथे पाय ठेवला. पुढे 'दक्षिण गंगोत्री' उभारले गेले, ते बर्फात गाडले जाऊ लागल्यावर 'मैत्री', आणि २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांत 'भारती'. या मोहिमा चालवणारे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रही गोव्यातच, वास्कोला आहे. हिवाळी तुकड्या मैत्रीवर राहतात तेव्हा बाहेरच्या जगाशी जहाजाचा संपर्क तुटलेला असतो. अंटार्क्टिकावरच्या सगळ्या देशांच्या केंद्रांवर २१ जून हा सणासारखा साजरा होतो, कारण त्या दिवशी रात्र अर्धी सरते आणि सूर्य परतीला लागतो.

काळोख, पण किती?

सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र हे वाक्य फक्त दोन बिंदूंना लागू आहे: उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव. बाकी ध्रुवीय प्रदेशात दीर्घ दिवस आणि दीर्घ रात्र यांच्या मध्ये रोज उगवणाऱ्या-मावळणाऱ्या सूर्याचे महिने असतात. मैत्रीवर सलग रात्र सुमारे दोन महिन्यांची. भारती थोडी उत्तरेला असल्याने तिथे ती दीड महिन्याच्या आसपास. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंड येथे, ७९ अंश उत्तरेला, भारताचे 'हिमाद्री' केंद्र जुलै २००८ पासून आहे. तिथे ऑक्टोबरच्या शेवटी गेलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यानंतर परततो, आणि एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मावळत नाही.

आणि ध्रुवबिंदूवरही सहा महिने काळोख नसतो. सूर्य मावळल्यावर लगेच अंधार पडत नाही हे आपल्याला ठाऊक आहे; चंद्रपुरात सव्वा तासात संधिप्रकाश पुरता विझतो, कारण सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ उभा उतरतो. ध्रुवावर तो क्षितिजाला समांतर फिरत, इंचाइंचाने खाली जातो. तो १८ अंश खाली जाईपर्यंत आभाळात कुठेतरी उजेड उरतो, आणि १८ अंश खाली जायला त्याला सात-आठ आठवडे लागतात. परतताना पुन्हा तितकेच. त्यामुळे पुऱ्या काळोखाचे जेमतेम अकरा आठवडे उरतात, तेही चंद्र नसेल तर. कारण हिवाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र तिथे दिवसेंदिवस न मावळता फिरत राहतो.

ध्रुवावरची ही लांबलेली पहाट मराठी माणसाच्या एका प्रसिद्ध पुस्तकाचा कणा आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. उषेची वैदिक वर्णने अनेक दिवस रेंगाळणाऱ्या पहाटेची आहेत, तीस उषांचा उल्लेख आहे, दीर्घ काळोखाची भीती आहे. ही पुण्याची किंवा पंजाबची पहाट असू शकत नाही, म्हणून आर्यांचे मूळ वसतिस्थान ध्रुवाजवळ असावे, असा त्यांचा युक्तिवाद. आज इतिहासकार आणि भाषाशास्त्रज्ञ हा निष्कर्ष मानत नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. सूक्तातली उषा म्हणजे वेधशाळेची नोंदवही नव्हे. पण निष्कर्ष बाजूला ठेवून पुस्तकातला खगोलाचा भाग वाचावा. ध्रुवबिंदूवर काय दिसते आणि ध्रुवाजवळच्या प्रदेशात काय दिसते यांतला फरक टिळकांनी काटेकोर सांगितला आहे: तारे उगवत-मावळत नाहीत, आडवे फिरतात, सूर्य वर्षात एकदाच उगवतो, पहाट दिवसांत मोजावी लागते. यातले काहीही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. सगळे गणिताने काढलेले, आणि तेवढे गणित अचूक.

ध्रुवताऱ्याची उंची हा त्या गणिताचा सोपा धडा आहे. तो जितके अंश वर दिसतो तितका आपला अक्षांश. चंद्रपुरात तो क्षितिजापासून २० अंशांवर असतो, सिरोंच्यात १९ला जरा कमी. हिमाद्रीवर तो जवळजवळ डोक्यावर आणि मैत्रीवर कायमचा पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे.

जास्त ऊन, तरी बर्फ

चोवीस तास ऊन असते तर तिथे बर्फ कसा, हा प्रश्न चंद्रपूरच्या माणसाने विचारलाच पाहिजे. मेमध्ये पारा ४६-४७ अंशांवर जाणाऱ्या गावाला उन्हाबद्दल बोलण्याचा अधिकार आहे.

उत्तर सरळ नाही. २१ जूनच्या चोवीस तासांत वातावरणाच्या वरच्या थरावर येणारी सौर ऊर्जा मोजली, तर ती चंद्रपूरच्या वर येते त्यापेक्षा उत्तर ध्रुवावर सुमारे पंधरा टक्क्यांनी जास्त भरते. हे वाचून कुणालाही गणित चुकले असे वाटेल. चुकलेले नाही: ध्रुवावर सूर्य कमी उंचीवर असतो, पण चोवीस तास असतो, चंद्रपुरात तो उंच चढतो, पण साडेदहा-अकरा तास अंधारही असतो. मग फरक पडतो कुठे? तिरपे किरण हवेतून लांबचा रस्ता कापतात आणि वाटेत झिजतात. जे जमिनीपर्यंत पोचतात त्यांतले बरेचसे पांढरा बर्फ परत फेकतो. उरलेली ऊर्जा बर्फ वितळवण्यात खर्च होते, आणि बर्फ वितळत असताना तापमान शून्याच्या आसपासच अडकून राहते. शिवाय मागचा सगळा हिवाळा तिथून उष्णता नुसती बाहेरच गेलेली असते. ती तूट उन्हाळ्याच्या उन्हाने भरत नाही.

सूर्याची उंची किती कमी असते याचा अंदाज असा करता येतो: हिमाद्रीवर वर्षातल्या सर्वांत उंच दुपारी सूर्य ३४-३५ अंशांवर असतो. चंद्रपुरात डिसेंबरातल्या सर्वांत खालच्या दुपारीही तो ४६ अंशांच्या वर असतो. तिथला कळस आपल्या तळाच्याही खाली.

मग अशा ठिकाणी माणसे काय करायला जातात? बहुतेक वर्षे हिमाद्रीवर भारतीय संशोधक उन्हाळ्यातच जात. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी मोहीम निघाली; तिच्यात गोव्याच्या ध्रुवीय केंद्राबरोबर पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, बंगळुरूची रामन संशोधन संस्था आणि मंडीची आयआयटी यांचे संशोधक होते. ध्रुवीय रात्रीत काही मोजमापे अशी मिळतात जी उन्हाळ्यात मिळूच शकत नाहीत: सूर्य नसताना हवा, ढग आणि कण कसे वागतात, ध्रुवीय प्रकाश केव्हा दिसतो.

सजीवांचे घड्याळ हा आणखी जुना विषय. गिरिराज सिरोही हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९६०च्या सुमारास अमेरिकी मोहिमेबरोबर दक्षिण ध्रुवावर गेले होते. प्रश्न असा होता की प्राण्या-वनस्पतींतली चोवीस तासांची लय पृथ्वीच्या फिरण्यामुळे तर चालत नाही ना. ध्रुवबिंदू ही जगातली अशी जागा आहे जिथे फिरत्या टेबलावर वस्तू ठेवून ते टेबल दिवसाला एक फेरी उलट दिशेने फिरवले, तर पृथ्वीचे फिरणे पुसले जाते. त्यांच्या गटाने घेवड्याची रोपे, फळमाश्या, झुरळे, हॅमस्टर असे जीव त्या टेबलांवर ठेवले. लय चालूच राहिली. घड्याळ आतलेच निघाले. अंटार्क्टिकावर सिरोही यांच्या नावाचे एक टोक आहे. स्वालबार्डच्या रेनडिअरनी मात्र दुसराच मार्ग धरला आहे. भर हिवाळ्यात आणि भर उन्हाळ्यात ते रोजची लय जवळजवळ सोडून देतात. भूक लागली की चरतात, पोट भरले की बसतात. रेनडिअरच्या डोळ्यांचा आतला पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि काळोखात निळा होतो, त्यामुळे अंधुक उजेड जास्त टिपला जातो.

जमिनीखालचे ध्रुवीय वर्ष

दीर्घ रात्र चंद्रपूरला अगदीच परकी नाही. ती इथल्या जमिनीखाली आहे.

चंद्रपूरच्या पश्चिमेला, फार दूर नाही, इरई गावाजवळ चुनखडकाचा एक पृष्ठभाग आहे. त्यावर समांतर ओरखडे आणि घासून आलेली झिलई आहे, आणि वर दगडगोट्यांचा थर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फेडन यांनी १८७५ मध्ये त्याची नोंद छापली. अशा खुणा हिमनदी दगड ओढत नेते तेव्हा पडतात. उष्ण कटिबंधातल्या गावाशेजारी बर्फाच्या खुणा, हे त्या काळच्या भूशास्त्रज्ञांना पचवणे अवघड होते. आता माहीत आहे की सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग दक्षिण गोलार्धात, ध्रुवाच्या बराच जवळ, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका यांच्याशी जोडलेला होता. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांचा मुलूख ज्या गोंडवनात मोडतो, त्याचेच नाव भूशास्त्राने या महाखंडाला दिले.

बर्फ ओसरल्यावर दलदलीत जंगल वाढले. त्यात मुख्य झाड होते ग्लॉसोप्टेरिस, जिभेच्या आकाराच्या पानांचे. बल्लारपूर, घुग्गुस, दुर्गापूर, पद्मापूर इथल्या खाणींतला कोळसा त्याच काळातल्या जंगलांचा. चंद्रपूरचा त्या वेळचा अक्षांश ध्रुववृत्ताच्या आत होता असे मी म्हणणार नाही, पण तिथले हिवाळ्याचे दिवस आजच्यापेक्षा फार आखूड होते हे निश्चित. त्याच महाखंडाचा अंटार्क्टिकाचा भाग मात्र ८० अंशांपलीकडे होता, आणि तिथेही हेच झाड उभे होते. रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे सोबती १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना बिअर्डमोर हिमनदीजवळ सुमारे १६ किलो दगड गोळा करून ओढत नेत होते. मृत्यूपर्यंत त्यांनी ते टाकले नाहीत. त्या दगडांतली पाने केंब्रिजच्या सीवर्ड यांनी तपासली तेव्हा ती ग्लॉसोप्टेरिसची निघाली, आणि त्यांनी जात ओळखली ती 'इंडिका'.

अंटार्क्टिकावरच्या या झाडांचे बुंधे दगड होऊन जागच्या जागी उभे सापडले आहेत. त्यांच्या खोडांत वर्षवलये स्पष्ट आहेत: उन्हाळ्यात चोवीस तासांच्या उजेडात भराभर वाढ, मग एकदम थांबा. पाने थरांमध्ये एकावर एक गच्च पडलेली सापडतात, त्यावरून हे झाड शरदात पानगळ करत असावे असे मानले गेले. मग स्पष्टीकरण आयतेच सुचते: महिनोन्महिने काळोख, प्रकाशसंश्लेषण बंद, पाने नुसती श्वसनाने साठा संपवणार, मग ती टाकूनच द्यावीत. कितीतरी वर्षे हे पटलेले होते. शेफील्डच्या रॉयर, ऑस्बोर्न आणि बीर्लिंग यांनी काचघरात ६९ अंश अक्षांशाचा प्रकाश तयार करून पानगळीची आणि सदाहरित झाडे त्यात वाढवली आणि २००३ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. काळोखात पाने टिकवून धरल्याने सदाहरित झाडांचे जितके कार्बन श्वसनात गेले, त्यापेक्षा किती तरी जास्त पानगळीच्या झाडांनी पाने टाकूनच गमावले होते. म्हणजे पाने टाकणे हा रात्रीसाठी केलेला काटकसरीचा उपाय नव्हता. मग ती झाडे पाने का टाकत, यावर अजून एकमत नाही. उन्हाळ्यात वेगाने वाढण्याचा फायदा, वणवे, जमिनीतले अन्न, अशी वेगवेगळी उत्तरे दिली जातात.